चालायला सांगता, मग मैदानाला कुलूप का?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

आधी आभार मानते. दीड वर्षापूर्वी माझ्या मिस्टरांना हार्ट अ‍ॅटॅक आला, तेव्हा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून त्यांची अँजिओप्लास्टी झाली. वय ४७, नोकरी वॉचमनची, तीही बारा तासांची रात्रपाळी. पदरचे पैसे भरायची वेळ आली असती तर मला मंगळसूत्र मोडावं लागलं असतं. ते वाचलं, हे मी जन्मभर विसरणार नाही.

आता पत्राचं कारण. गेल्या महिन्यात पहाटे साडेपाचला मिस्टर रस्त्याच्या कडेने चालत होते. फुटपाथ नाही, दिवे बंद. मागून मोटारसायकल आली आणि त्यांना उडवून निघून गेली. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. तेव्हापासून ते खाटेवर आहेत.

घरापासून पाच मिनिटांवर मैदान असताना माणूस रस्त्यावर का चालत होता, असं तुम्ही विचाराल. त्या मैदानाला कुलूप आहे, साहेब. निवडणुकीआधी तिथे चालायचा ट्रॅक करून देतो म्हणून घरोघरी येऊन सांगितलं होतं. नारळ फुटला, मुरमाच्या दोन गाड्या पडल्या आणि काम तिथेच थांबलं. पुढे भोवती पत्रे लागले. आता लग्नसराईत मैदान मांडवाला भाड्याने जातं, एरवी आत टेम्पो उभे असतात. आणि २९ सप्टेंबरला, जागतिक हृदय दिनाला, रोज चाला म्हणून सांगणारा फलक त्याच बंद फाटकावर टांगला. तो अजून तिथे आहे. रिक्षातून मिस्टरांना प्लास्टर घालून आणलं, तेव्हा त्यांनीच मला तो दाखवला.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: रोज अर्धा तास चालणं, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, तंबाखू बंद, तळलेलं कमी, झोप पुरेशी. आम्ही काय केलं नाही ते सांगा. रात्रपाळी सोडून दिवसपाळी मागितली, पगार दीड हजाराने उतरला. पंचवीस वर्षांची तंबाखूची पुडी सुटावी म्हणून हा माणूस खिशात बडीशेप घेऊन फिरला. चिडचिड करायचा, पोरांवर ओरडायचा, पण पुडीला हात लावला नाही.

मिठाचं तर मी कसं जमवलं ते माझं मला ठाऊक. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यातच भाजी, आमटी, भाकरी सगळं आलं. पहिल्या आठवड्यात ताट सरकवून उठले होते. मग लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली, पापड बंद केले, आमटीला कोकम आणि लसूण वाढवला. मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घालते. पूर्वी आम्हा चौघांना एक किलो जेमतेम महिना जायचं. आताची पिशवी ५३ दिवस पुरली. त्यांचं बीपी १६० वरून १३० वर आलं होतं. आलं होतं, म्हणते आहे. महिनाभर खाटेवर पडून वजन चार किलोने वाढलं आणि बीपी पुन्हा दीडशेच्या पुढे गेलं. शिलाई मशीनवर बसते तेव्हाही माझे कान त्यांच्या श्वासाकडे असतात.

आम्ही आमचा वाटा उचलला. सरकारने कुठला उचलला?

मैदानाबद्दल तुमच्याकडे आले तर तुम्ही म्हणाल, ते नगरविकास खात्याकडे. बरं. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिलात: रवा, चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. पामतेलातली जवळजवळ निम्मी चरबी सॅच्युरेटेड, म्हणजे हृदयाला वाईट प्रकारची असते, शेंगदाण्याच्या तेलात ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ज्या घरात डॉक्टर चरबी कमी करा म्हणतात, त्याच घरात सरकारची पिशवी पामतेल घेऊन आली. ते खातं वेगळं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे; माझ्या मुलाच्या शाळेसमोरच्या टपरीवर दोन्ही मिळतं. तेही खातं वेगळं. माझ्या नवऱ्याचं हृदय मात्र एकच आहे. ते सगळ्या खात्यांच्या मधे सापडलंय, आणि शीर तुंबेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही.

देशातल्या दर चार मृत्यूंपैकी एक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतो. मग हा प्रश्न फक्त माझ्या स्वयंपाकघराचा कसा?

माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिने मला फिनलंडमधल्या नॉर्थ करेलियाबद्दल सांगितलं. तिथे ऐन उमेदीचे पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. १९७२ मध्ये सरकारने काम हाती घेतलं. लोणी कमी खा, एवढं सांगून ते थांबले नाहीत. दूधवाले, मांसाचे कारखानदार, दुकानदार सगळ्यांना कामाला लावलं, कमी चरबीचे आणि कमी मिठाचे पदार्थ दुकानात आणले, गावोगावच्या बायकांना सोबत घेतलं. चाळीस वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. तिथे बर्फ पडतो, साहेब. आपल्याकडे बारा महिने चालता येतं, फक्त चालायला जागा द्या.

मला नुकसानभरपाई नको. पहाटे पाच ते आठ मैदान उघडा, टेम्पो बाहेर काढा, रस्त्यावरचे दिवे लावा. शिध्यात तेल द्यायचंच असेल तर दुसरं द्या. आणि तंबाखूची ती टपरी शाळेसमोरून हलवा, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे.

पुढच्या महिन्यात प्लास्टर निघेल. डॉक्टर पुन्हा तोच कागद हातात देतील, त्यावर पहिली ओळ चालण्याचीच असेल. फाटकाची किल्ली कुणाकडे मागायची, तेवढं त्याआधी कळवा.

आपली,
शिवणकाम करणारी एक गृहिणी