'यमुना' नावाबद्दल, पुन्हा एकदा

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर नीट बोलणंच झालं नाही. मी 'यमुना' म्हटलं आणि तिकडून काही वेळ आवाज येईना. मग बाबा, तुम्ही एकदम पावसाची चौकशी सुरू केलीत. म्हणून लिहितेय. बाळ मांडीवर झोपलंय, एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

बाबा, तुमची हरकत अशी की यमाची बहीण ती, लेकराला कशाला असलं नाव. पण ती सूर्याची मुलगीही आहे, ते बरं कुणाला आठवत नाही! आणि यमाची बहीण म्हणून तिची जी गोष्ट आपण सांगतो, तिच्यात कुणी मरत नाही. भाऊ बहिणीकडे जेवायला गेला, एवढीच ती गोष्ट. भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतात ते त्यावरूनच. शाळेत 'यमी' म्हणून चिडवतील, हे मात्र खरं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मलाही माझ्या नावावरून चिडवायचेच, आणि ते तर तुम्ही तीन महिने शोधून ठेवलं होतंत.

आई, तुझं म्हणणं मला जास्त लागलं. "यमू म्हटलं की मला रडणंच आठवतं." तुझ्या वाचनात आलेल्या यमू बघता तुझं चूक नाही. 1857 सालचं 'यमुनापर्यटन', मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, तिची नायिका यमुना आणि विषय विधवांचे हाल. नंतर हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' कादंबरीतली यमू. तिची कहाणी तर तू मला दुपारी पडल्या पडल्या सांगायचीस आणि मध्येच कूस बदलून गप्प व्हायचीस. या नावाला विधवेचं आलवण नेसवलं ते पुस्तकांनी.

पण खऱ्या यमुना बघ ना. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविशी गाठायच्या आत गेल्या. रमाबाई रानडे, सेवासदनवाल्या, त्याही माहेरच्या यमुनाच. दोघींची नावं लग्नात बदलली. म्हणजे रडायचं असलं की यमुना, आणि काही करून दाखवेपर्यंत नाव दुसरंच झालेलं! याचा मला गेले दोन महिने राग येतोय. (रात्री तीनला बाळाला घेऊन बसलं की राग यायला वेळ भरपूर मिळतो.)

नाव न बदललेली एक मला सापडली, यमुनाबाई वाईकर. लावणी गायल्या, 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, 102 वर्षं जगल्या. बाबा, तुमची भुवई वर गेलेली मला इथून दिसतेय. जाऊ दे वर.

माझ्या मैत्रिणींचं वेगळंच. त्यांना रमा चालते, राधा चालते, सई तर धावते. यमुना म्हटलं की "अगं, आजीचं नाव वाटतं." एकीला दिल्लीच्या नदीवरचा तो पांढरा फेस आठवला. तिला मी काही बोलले नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही एकदा आठवला होता.

मुद्दा पुस्तकांचा नाहीच, आजीचा आहे, हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. घरातल्या सगळ्या भांड्यांवर 'सौ. सुमती' घातलंय. ताटांवर, तांब्यांवर, त्या मोठ्या पातेल्यावरसुद्धा. फक्त एका पितळेच्या डबीवर, बुडाला, ठिपक्याठिपक्यांनी 'यमुना' आहे. डबी तिच्या आईने दिलेली. आजी तिच्यात सुयांचा पुडा ठेवायची आणि नाव खाली यावं अशी नेहमी सुलटीच ठेवायची. मी लहानपणी विचारलं होतं, ही यमुना कोण? ती म्हणाली, "होती एक." आणि सुईत दोरा ओवायला मला दिला.

मामाआजोबा आले की मात्र दारातूनच "यमेऽ" अशी हाक. तेव्हा ती सत्तरीची असेल. हातातलं काम तसंच टाकून "आले रे" म्हणायची, आणि तो आवाज एरवी आम्ही कधी ऐकला नव्हता. बाबा, तुम्हीही ऐकलाय तो. ते गेल्यावर तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. तिच्या फोटोखाली तुम्ही 'सुमती' लिहून घेतलंत. तुमची चूक नाही, कागदावर तेच होतं.

आजीला हे आवडलं असतं का, मला सांगता येत नाही. कदाचित म्हणाली असती, माझं राहू दे, पोरीला काहीतरी छान ठेव. ते मनात येतं आणि मग मी दोन दिवस या नावाचा विषय काढत नाही. घरात यांना नाव पसंत आहे, सासूबाई 'बघू' म्हणतात. त्यांचं 'बघू' मला अजून नीट कळलेलं नाही.

घाई नाही. जन्माची नोंद झालीय, दाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे. वर्षाच्या आत नाव घातलं तर जादा शुल्कही पडत नाही. तोवर तुम्ही इकडे या, तिला मांडीवर घ्या आणि एकदा मोठ्याने हाक मारून बघा. जीभ अडखळली तर सांगा, मी दुसरं शोधते. मात्र फोनवरून नको, समोर बसून सांगा.

आणि बाबा, येताना ती डबी आणा. झाकण घट्ट बसलंय, तिकडे उघडायला जाऊ नका. मागच्या वेळी तुमचं नख तुटलं होतं.

तुमची,
ताई
(बाळ उठलं)