शनिवारची डिस्नेलँड सहल: चिमुकल्यांच्या आईबाबांसाठी

मंडळी, शनिवारी सकाळी साडेसातला अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडच्या गेटवर भेटायचं. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही. ऊन चढायच्या आत छोट्या राइड उरकायच्या आहेत.

• ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.
• बाबागाडी ३१ इंच रुंद, ५२ इंच लांब, याहून मोठी नको. ओढायची वॅगन आत नेऊच देत नाहीत.
• धपाटे, दहीभात खुशाल आणा. काचेची बरणी मात्र चालत नाही, तेव्हा लोणचं प्लास्टिकच्या डबीत! (मागच्या खेपेला आमची बरणी परत गाडीत ठेवायला जावं लागलं.)
• डायपर बदलायला, बाळाला पाजायला मेन स्ट्रीटच्या टोकाला बेबी केअर सेंटर आहे.
• मॅटरहॉर्न या राइडला ४२ इंच उंची लागते. तिथल्या कर्मचाऱ्याकडे 'रायडर स्विच' मागा: आधी एकाने बाळाजवळ थांबायचं, मग अदलाबदल.

दुपारी एक ते तीन पोरं झोपतील. तेव्हा कृपया कोणी फोन करू नये.