नंदगडला जाणाऱ्या रूथला

चि. रूथ,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

नोकरीवरून रविवारी जेवताना जे बोलणं झालं, ते तिथंच राहू दे. आई अजून गप्प आहे, पण तुझ्या बॅगेत चादरी तिनंच भरल्यात. तू बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडला घरोघरी वचन सांगायला निघालीस, म्हणून मला एकच सांगायचंय. कुणाच्या घरी एकटी जाऊ नकोस. बायबलात मार्क ६:७ बघ, लूक १०:१ बघ, प्रभूनं दोघादोघांनाच धाडलंय.

बाकीचं तुला येतं, तरी लिहितो. आधी एकच घर धर, चार ते सहा माणसांचं. दहा घरं धरलीस तर गेल्या आठवड्यात कोण काय म्हणालं तेच ध्यानात राहत नाही, आणि मग शिष्य होत नाहीत, नुसते श्रोते होतात. बैठक तासाभराची पुरे. पहिली दहा मिनिटं मागच्या वचनाप्रमाणे आठवडाभर काय केलं ते विचार. हा प्रश्न अवघड वाटतो म्हणून सगळे गाळतात, आणि गाडी तिथंच अडते. मत्तय २८:२० मध्ये 'पाळायला शिकवा' असं आहे, नुसतं 'शिकवा' नाही. मग वाचन, आणि तीनच प्रश्न: यात देव कसा दिसतो, माणूस कसा दिसतो, मी या आठवड्यात काय करणार. तू कमी बोल.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू कर. सोळा अध्याय आहेत, आठवड्याला एक. चौदावा लांब आहे, बहात्तर वचनांचा, तो दोनदा घे. घरात बोलणं मराठी आणि पोरांची शाळा कन्नड, म्हणून दोन्ही भाषांतली शुभवर्तमानं ने. आजीला मराठीत ऐकव, तोच उतारा नातवाला कन्नडमधून वाचू दे. चौथ्या अध्यायाला मजा येईल, तिथं पेरणाऱ्याचा दाखला आहे, त्याचं काही बी वाटेवर पडतं. तिकडची माणसं भात कुरीनं, म्हणजे पाभरीनं, ओळीत पेरणारी. वाटेवर बी टाकणारा हा कसला शेतकरी, असं विचारतीलच. उत्तर देण्याची घाई करू नकोस, 'तुम्हीच सांगा' म्हण. जमिनीबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पेरणी-लावणीच्या दिवसांत बैठक ठेवू नकोस, कुणी येणार नाही आणि तुलाच वाईट वाटेल.

साक्ष तीन मिनिटांची: आधी कशी होतीस, प्रभू कसा भेटला, आता काय बदललं. 'तारण' म्हटलंस तर पापातून सुटका नव्हे, बँकेत गहाण ठेवलेलं सोनं आठवेल, तेव्हा साध्या शब्दांत सांग. विठोबाबद्दल, वारीबद्दल एक शब्द वाकडा नको. १ पेत्र ३:१५ मध्ये सौम्यतेनं आणि आदरानं असंच सांगितलंय. आजाऱ्यासाठी प्रार्थना कर, पण गोळ्या बंद करा असं कधीही म्हणू नकोस.

तांदूळ, पोरांची फी, कपडे काहीही हातात घेऊन जाऊ नकोस. लंडन मिशनचे टेलरसाहेब १८२० मध्ये बेळगावात आले, तेव्हापासून आपल्याकडे मिशन म्हटलं की लोकांना शाळा आठवते. मदत दिसली की गावाला आमिष दिसतं, आणि कायद्यालाही. २०२२ च्या कर्नाटकच्या धर्मांतरविरोधी कायद्यात धर्मांतराच्या ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे घोषणापत्र द्यायचं आहे, विधी करणाऱ्यानंसुद्धा. आमिषानं किंवा बळजबरीनं धर्मांतर केलं तर स्त्रिया, अल्पवयीन, अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत शिक्षा दहा वर्षांपर्यंत. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो मागे घ्यायचं ठरवलं, पण त्या निर्णयावर विसंबू नकोस. बाप्तिस्म्याचं कुणी विचारलं तर आधी पाळकसाहेबांना आणि वकिलांना भेट. लहान मुलांना आईबापाशिवाय बसवू नकोस. आणि अशा गोष्टींत सोबत दुसरी बाई असली की साक्षीदार असतो, म्हणून पुन्हा सांगतो, एकटी...

बघ, उपदेश सुरू झाला. माफ कर. नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा काकाचं घोंगडं पांघरून तूच उभी राहिलीस. मंडळीत तेव्हा मी सगळ्यांकडे बघत होतो, माझी पोरगी म्हणून. आत्याचं झालं ते मनातून जात नाही, एवढंच.

अर्पण जमलं तर पैसे तुझ्याकडे ठेवू नकोस. वहीत दोघांच्या सह्या घे. परतीची शेवटची बस किती वाजता सुटते ते पहिल्याच दिवशी विचार आणि मला कळव. शेजारच्या मेरीताईंची सून यायला तयार आहे असं ऐकतो. तिला तू बोलतेस की मी बोलू?

तुझे,
पप्पा