आई-बाबा, मी एप्रिलमध्ये येईन

उलानबातर (मंगोलिया), 28 जानेवारी 2024

प्रिय आई आणि बाबा,
सलाम.

दादाला सांगितलंय की याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, म्हणजे बाबांना डोळे बारीक करून वाचायला नको. खरं तर काल फोनवरच सांगणार होते, पण आई तू आधीच म्हणालीस "शुक्रवारी येतीयेस ना, अळू सांगून ठेवलाय" आणि मग माझ्या तोंडातून शब्दच फुटेना.

मी शुक्रवारी येत नाहीये. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येईन. पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये बिनपगारी रजा वाढवून घेतलीये, तिकीट बदललंय, इथल्या मदत वाटणाऱ्या टीमला हो म्हणून सांगून झालंय, आणि हे सगळं तुम्हाला न विचारता केलंय. सुमी वारली तेव्हा मी उशिरा पोचले ते तुम्ही दोघांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पण मी नाही. चार रात्री हाच विचार करत होते. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण अबोला धरू नका.

का थांबले ते सांगते. बाबा, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल कारण तुम्ही 72 चा दुष्काळ बघितलाय. इथे एका संकटाला झुद म्हणतात. उन्हाळ्यात पाऊस कमी पडला की गवत वाढत नाही, मेंढ्या-बकऱ्यांच्या अंगावर चरबी धरत नाही, आणि तशीच अशक्त जनावरं हिवाळ्यात जातात. एरवी ती खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळलं गवत खातात. पण बर्फ फार पडला तर खालपर्यंत पोचतच नाहीत, त्याला पांढरा झुद म्हणतात. आणि मध्येच एखाद दिवस ऊब येऊन वरचा बर्फ वितळला आणि रात्री परत गोठला तर फरशीसारखा थर होतो, खुराने फुटत नाही, तो लोखंडी झुद. जनावर गवताच्या वर उभं राहून उपाशी मरतं. 2009-10 च्या हिवाळ्यात अशी 80 लाखांच्या वर जनावरं मेली. या देशात माणसं 35 लाखांच्या आसपास आणि 2023 च्या शेवटी जनावरं साडेसहा कोटींच्या आसपास होती, म्हणजे कळप गेला की घरातलं सगळंच गेलं, दूध, मांस, लोकर, मुलांची फी, बँकेचा हप्ता. मग ते लोक आपला गोल तंबू, इथे गेर म्हणतात, तो गुंडाळून शहराच्या कडेला येऊन राहतात, आपल्याकडे जत-आटपाडीची माणसं उसाला नाहीतर मुंबईला जायची तशी.

आणि सगळ्यात वाईट काळ आत्ता नाही, पुढे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात आणि तेव्हाच त्यांच्या अंगात काही उरलेलं नसतं. मला आधी वाटायचं जानेवारी संपला की सुटलो. इथल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने सांगितलं तेव्हा कळलं, आणि ते ऐकून मग मला बॅग भरवेना.

आई, तू 2019 च्या पुरात काय म्हणाली होतीस आठवतंय? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, मावशीचं सगळं सामान गेलं होतं, आणि आपल्या चर्चच्या हॉलमध्ये जुन्या कपड्यांचा छतापर्यंत ढीग, त्यात पार्टीचे ड्रेस, एका पायाचे बूट. तू म्हणालीस माणसाला देताना विचारून द्यावं. मी ते इथे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. म्हणून आम्ही विचारत जातो. आणि लोक कपडे मागतच नाहीत, आधी चारा आणि कोंडा मागतात, मग पीठ, तांदूळ, तेल, मग लहान मुलांचे बूट. परवा जुन्या रशियन व्हॅनमधून सहा तास गेलो, मागच्या ट्रकमध्ये गवताच्या पेंढ्या. एका बाईने पेंढीत तोंड खुपसून वास घेतला, उन्हाळ्यातल्या गवताचा. मग रडली.

धर्माचं एक अक्षरही मदत देताना काढायचं नाही हा आमच्या टीमचा नियम आहे आणि मला तो पटतो. प्रार्थना आम्ही आमची सकाळी खोलीत करतो. पाळकसाहेब विचारतील त्यांना हे असंच सांगा. इथे बरेच लोक बौद्ध आहेत, मी भारतातली म्हटल्यावर म्हाताऱ्या बायका माझा हात कपाळाला लावतात, बुद्धाच्या देशातून आली म्हणून. मला फार लाजल्यासारखं होतं.

बाबा म्हणतील तिकडे कोणी नाही का, मिरजेहूनच जायला पाहिजे का. बाबा, वॉनलेस साहेब कॅनडाचे, 1889 ला इकडे आले आणि 1894 ला मिरजेत दवाखाना उघडला, त्यांच्या घरच्यांनी पण हेच विचारलं असेल. त्याच दवाखान्यात आजी नर्सिंग शिकली, त्या पगारावर तुम्ही शिकलात. आणि 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली तेव्हा रिटायर होऊन सुद्धा स्टेशनवर रात्रभर उभं कोण होतं? राजस्थानातल्या कोट्याहून आलेल्या पाण्याच्या टाक्यांच्या वाघिणी, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. सकाळी घरी येऊन तुम्ही म्हणालात, "आपल्या लाइनवरून पाणी गेलं." तुमच्या तोंडावर जे होतं ते मी विसरले नाही. तेच मला इथे आणतंय असं समजा.

आता काळजीचं. बाहेर रात्री उणे 30 च्या खाली जातं, पण खोलीत मला टी-शर्ट पुरतो. इथे शहरात वीजकेंद्रातून गरम पाण्याचे पाइप घरोघर येतात, तुमच्या मिरजेच्या फरशीपेक्षा माझी फरशी गरम आहे. बाहेर जाताना चार थर, दोन मोजे, आणि धुरासाठी मास्क. एकटी कुठेच जात नाही. खाणं सगळं मटणाचं आणि चहात मीठ (आई तोंड वाकडं करू नकोस, सवय होते), पण तुझी कांदा-लसूण चटणी अजून अर्धी बरणी आहे आणि तासगावचे बेदाणे मी मुलांना वाटते, इथे फार आवडले.

मेंढपाळाच्या गेरमध्ये झोपले तेव्हा त्या आजींनी रात्री अंगावर मेंढीच्या कातड्याचा मोठा कोट टाकला. बाबा, तुम्ही कुर्डुवाडीची गाडी करून पहाटे यायचात, तुमचा गार्डचा लोकरीचा कोट माझ्यावर टाकून मग चूळ भरायचात. कोळसा आणि बिडीचा वास, बिडी तुमची नव्हे, प्रवाशांची, असं तुम्ही आईला सांगायचात. मी जागी असायचे. तुमचा कोट अंगावर पडावा म्हणून झोपेचं सोंग घ्यायचे, हे आज सांगते.

बरं, आता नीट ऐका. बाबांचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. "ती आल्यावर करू" हे मला चालणार नाही, दादा चार दिवस सुट्टी काढतोय. आदल्या दिवशी शुगर तपासायची. नंतर डोळ्यात पाणी नाही, खाली वाकायचं नाही, थेंब वेळेवर, आणि आई तू त्यांना पेपर वाचून दाखव, त्यांनी नाही वाचायचा. आई, तुझी गुडघ्याची गोळी रिकाम्या पोटी नको, किती वेळा सांगू. आणि बाथरूममधला गॅस गीझर खिडकी बंद करून लावायचा नाही, थंडी वाजली तरी. इथे गेरमध्ये चुलीची नळी तुंबली की वास न येणारा वायू साचतो, माणसं झोपेतून उठतच नाहीत, आम्ही घरोघर हेच सांगत फिरतो आणि मला रोज आपली ती बंद खिडकी दिसते. दादाला सांगून गीझर बाहेरच्या भिंतीवर घ्या, पैसे मी पाठवलेत.

ईस्टरच्या पहाटे मी नसेन. आई, सुमीच्या कबरीवर निशिगंध घेऊन जा, मोगरा नाही.

इथलं घड्याळ तुमच्या अडीच तास पुढे आहे. तुम्ही संध्याकाळी सातला फोन केलात तर माझे साडेनऊ, मी मोकळी असते. आम्ही गावाकडे गेलो तर दोन-तीन दिवस रेंज नसेल, लगेच घाबरून दादाला उठवू नका.

बाबा, एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. जत रोडला तुमच्या ओळखीचे धनगर होते, आता त्यांचा मुलगा मेंढरं बघतो ना? अशक्त मेंढीचं कोकरू जन्मल्यावर थंड पडलं तर ते लोक काय करतात, घोंगडीत कसं गुंडाळतात, पहिलं दूध कसं पाजतात, मेंढीला दूधच नसेल तर काय देतात, एवढं नीट विचारून घ्या आणि व्हॉइस मेसेज करा. मी आमच्या दुभाषी मुलीला ऐकवते, ती मेंढपाळांना त्यांच्या भाषेत सांगेल. मार्चच्या आत लागेल. ऑपरेशनच्या आधीच फोन लावा म्हणजे राहून जाणार नाही.

तुमची,
बेबी