तपासणीच्या आकड्यांमागचे रुग्णही कळू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

फ्लूची साथ वाढली की नमुने किती, बाधित किती आणि दगावले किती, एवढे आकडे आमच्यापर्यंत पोहोचतात. ज्यांचे नमुने घेतले ते कोणत्या वयाचे होते, आजाराच्या कितव्या दिवशी आले आणि त्यांना नेमके काय होत होते, हे कळत नाही; पुण्यात दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरला समोरच्या रुग्णाबाबत निर्णय घेताना मात्र हेच हवे असते.

इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे फ्लूच्या, रुग्णांची आपल्याकडे अ, ब, क अशी वर्गवारी आहे. सौम्य ताप-खोकल्याच्या ‘अ’ गटाची तपासणी करायची नसते, धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे असलेल्या ‘क’ गटाची करायची असते. हे योग्यच आहे. पण म्हणूनच बाधितांच्या टक्केवारीचा अर्थ नमुने कोणत्या गटातून आले यावर ठरतो.

नमुन्यासोबतच्या फॉर्मवर ताप, खोकला, घसा यांपुढे भराभर खुणा होतात आणि लक्षणे कधी सुरू झाली ही तारीख पुष्कळदा कोरी राहते. वास्तविक स्वॅब उशिरा घेतला तर विषाणू सापडण्याची शक्यता घटते आणि ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचा सर्वाधिक उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो, म्हणजे साऱ्या फॉर्ममध्ये मोलाची तीच एक ओळ. शिवाय सत्तरीपुढच्या रुग्णाला कधी कधी तापच येत नाही. ‘कालपासून जेवत नाहीत, काहीतरी असंबद्ध बोलतात’ म्हणून घरचे घेऊन येतात. लहान मुलांत उलट्या-जुलाबही दिसतात. ताप आणि खोकला हीच चाळणी लावली तर असे रुग्ण निसटतात.

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा पुणेकर विसरलेले नाहीत. कोणाला तपासणीची गरज आहे आणि कोणाला नाही, हे सांगणारी माहिती हाताशी नसली की भीतीच रांग लावते.

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ज्या शहरात आहे, तिथून तरी याची सुरुवात व्हावी. साथीच्या काळात दर आठवड्याला जिल्हानिहाय वयोगट, लक्षणे, लक्षणे सुरू झाल्यापासून नमुना घेईपर्यंतचे दिवस, गरोदरपण, मधुमेह, दमा आणि लसीकरण यांचा तक्ता प्रसिद्ध करावा. नावे-पत्ते अर्थातच नकोत. त्यात निगेटिव्ह आलेल्यांचाही रकाना असावा, कारण त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणते लक्षण फ्लूकडे बोट दाखवते हे ठरत नाही. आणि लक्षणांची तारीख भरल्याखेरीज फॉर्म स्वीकारू नये, असा आदेश तेवढा लगेच काढावा. त्याला वेगळा निधी लागत नाही.

आपला नम्र,
पुण्यातील एक फॅमिली डॉक्टर