काचकाम करणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार. तुमच्याशी बोलणे नेहमी कोकणीतच झाले, पण पत्र लिहायचे म्हटले की शाळेत शिकलेली मराठीच हाताशी येते, म्हणून हे आभार मराठीत लिहीत आहे.

आमचा संशोधन गट लॅक्टाइडच्या लहान रेणूंपासून पॉलिलॅक्टाइड हे लांब साखळ्यांचे प्लास्टिक (पॉलिमर) तयार करणाऱ्या उत्प्रेरकांवर काम करतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या पॉलिमरच्या साखळ्या सतत आखूड येत होत्या. साखळी सुरू करणाऱ्या अल्कोहोलच्या एका रेणूमागे लॅक्टाइडचे २०० रेणू घेतले, तर रेणुभार २८,८०० च्या जवळपास यायला हवा. माझा निम्म्याहूनही कमी येत होता. मी उत्प्रेरकावर संशय घेतला, तो तीनदा नव्याने बनवला आणि त्यात दोन महिने गेले. खरे कारण पाणी होते. पाण्याचा रेणूही स्वतःची वेगळी साखळी सुरू करतो, त्यामुळे १.४४ ग्रॅम लॅक्टाइडमध्ये एक मिलिग्रॅमहून कमी पाणी शिरले तरी साखळ्या दुप्पट होतात आणि त्यांची लांबी निम्मी होते. आपल्याकडच्या दमट हवेला आत यायला सुईच्या टोकाएवढी वाट पुरते.

ती वाट तुम्ही शोधलीत. चतुर्थी चार दिवसांवर आली होती, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचे फळाफुलांचे सामान घेऊन तुम्हाला गावी जायचे होते, तरी एका फोनवर तुम्ही प्रयोगशाळेत आलात. दिवे मालवून, पंप चालू ठेवून, ठिणगी पाडणाऱ्या टेस्ला कॉइलचे टोक तुम्ही श्लेंक लाइनवरून, म्हणजे हवा बाहेर ठेवून प्रयोग करायच्या काचेच्या नळ्यांवरून, बोट बोट पुढे सरकवत राहिलात. काचेच्या आत जांभळट उजेड पसरत होता. तिसऱ्या तोटीखालच्या जोडाशी मात्र ठिणगी एकवटली आणि तिथे पांढरा ठिपका स्थिर झाला. दिवसाउजेडी तोच जोड मी कितीतरी वेळा पुसला होता, पण ते भोक मला कधी दिसले नव्हते. तुम्ही तो जोड कापून नवा बसवलात आणि घरी जायची घाई असूनही काच रात्रभर भट्टीत सावकाश निवू दिलीत, कारण काचेत ताण राहिला तर पुढे तिथेच तडा जातो, हे तुम्ही मला तेव्हाच समजावलेत.

चतुर्थीनंतरच्या पहिल्याच प्रयोगात रेणुभार २७,००० वर गेला. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत तुमचे नाव येईलच, पण त्या संध्याकाळचे ऋण त्या ओळीत मावणारे नाही. त्या पॉलिमरची एक पातळ पारदर्शक फिल्म मी तुमच्यासाठी जपून ठेवली आहे. सोमवारी कार्यशाळेत आणून देईन.

तुमची नम्र,
एक संशोधक विद्यार्थिनी