गुरुवारी नवी तार येईल

ती. नाना आणि ती. सौ. आई यांस,

शि. सा. नमस्कार.

आई, हे पत्र तूच मोठ्याने वाच, नानांचा चष्मा अजून दुरुस्तीतून आला नसेल. फोनवरच सांगणार होते, पण निम्मं खरखरीत जातं आणि उरलेल्या निम्म्याला नाना नुसतं "बरं, बरं" म्हणतात.

आधी मुख्य ते सांगते. गुरुवारी सकाळी माणूस फोनच्या जुन्या तांब्याच्या लाईनच्या जागी फायबरची, म्हणजे काचेची, तार टाकायला येणार आहे. अर्ज मी भरला, पैसेही भरले. नाना, तुम्हाला विचारलं नाही, आणि ते मला दोन दिवस खातंय. पण सोमवारी आईने सांगितलं की भर पावसात, ओल्या धाब्यावर, स्टुलावर चढून तुम्ही तारेचा सांधा पिळत होता. वयाच्या ७४व्या वर्षी! मळ्यातल्या विहिरीच्या वेळी आईला काय शब्द दिला होता, ते आठवा. मला त्या रात्री डोळा लागला नाही.

तुम्ही म्हणाल, फोन खरखरतो आणि नेट जातं तर दोष शोधायचा, लाईन कशाला बंद करायची? पण शोधायचं आपण काय बाकी ठेवलं? तुमच्या वहीतली ती चार दिवसांची नोंद मी अजून जपून ठेवली आहे. "७.१०, फोन वाजला, नेट गेलं. ९.४०, फोन वाजला, नेट गेलं." त्यावरूनच कळलं की स्वयंपाकघरातल्या पॅरलल फोनला फिल्टर नाही. बोलणं तारेवर ४ किलोहर्ट्झच्या आत चालतं आणि नेट २५ किलोहर्ट्झच्या वर. दोघं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक फोनमागे ती पांढरी डबी लागते. डबी बसवली आणि रिंग आली की नेट जायचं, ते थांबलं. तुमची वही नसती तर पुण्यात बसून मला ते सात जन्मात कळलं नसतं.

मग तुम्ही मोडेम थेट ओसरीतल्या पहिल्या सॉकेटला लावला, घरातले बाकीचे सगळे फोन काढले, एक आकडा दाबून डायल टोन थांबवला आणि कान लावून बसलात. तरी खरखर होतीच. म्हणजे दोष घराबाहेरचा. आखाजीला मी आले होते तेव्हा मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन, म्हणजे खरखरीला पुरून उरणारा सिग्नल, ११ डेसिबल होतं, परवा तुम्ही वाचून दाखवलं ते ४. ते ६च्या खाली आलं की जोडणी तग धरत नाही, सारखी तुटते. सांध्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, खरखर वाढते. तक्रार तीनदा केली, तीनदा माणूस येऊन नवी टेप गुंडाळून गेला. दोन दिवस ऊन पडलं की बरं, सर आली की पुन्हा तेच.

आणि उद्या त्यांनी सांधा अगदी नवा केला तरी अंतराचं काय करणार? लाईन अॅटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण होतो ते, ५२ डेसिबल आहे, म्हणजे एक्सचेंजपासून आपलं घर तारेने जवळजवळ पावणेचार किलोमीटरवर. तेवढ्या तांब्यातून दोन-तीन एमबीपीएस आलं तरी खूप, आणि आपल्याकडून बाहेर जाणारा वेग त्याहूनही कमी. म्हणून व्हिडिओ कॉलवर डॉक्टर तुम्हाला स्वच्छ दिसत होते आणि त्यांना तुमचा पाय दिसत नव्हता. "बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो का?" हे त्यांनी दोनदा विचारलं. पडद्यावर तुमचा अंगठा नडगीवर टेकलेला, आणि चित्र तिथेच गोठलेलं. नाना, मला त्या सुजेची काळजी आहे, नेटची नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. लाईट गेली तरी तुमचा फोन चालतो, कारण त्याला एक्सचेंजमधून त्याच तारेने ४८ व्होल्टची वीज मिळते. काचेच्या तारेतून वीज येत नाही. म्हणून एक छोटा बॅटरी बॅकअप पाठवला आहे, दुकानदार तीन-चार तास म्हणाला. त्याहून जास्त वेळ लाईट गेली तर मोबाईल आहेच, तो चार्ज करून ठेवायचा. उलट काचेच्या तारेला ओल बाधत नाही आणि तिच्यातून विजेचा झटकाही घरात येत नाही.

बाकी काही बदलणार नाही. नंबर तोच राहील, हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे. लाल फोन त्याच कोनाड्यात, आईने विणलेल्या रुमालावरच राहील, फक्त त्याची वायर नव्या डबीत जाईल. तो नंबर मी दुसरीत पाठ केला होता, नाना, तुमच्या खांद्यावर बसून. होस्टेलला असताना रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावावर यायचा, तेव्हा बूथबाहेर रांगेत उभी राहायचे. पहिल्याच रिंगला तुम्ही उचलायचात, आणि मागून आईचं "जेवन व्हयनं का?" तो नंबर मी कसा जाऊ देईन?

आता ऐका. तार भिंतीच्या कोपऱ्यात करकचून वाकवू द्यायची नाही, आतली काच मोडते. राऊटर देवघरात पितळी भांड्यांमागे नको आणि लोखंडी कपाटावर तर नकोच. आपल्या भिंती हातभर जाडीच्या आहेत, तो ओसरीत उंचावर लावायला सांगा. तो माणूस काम करताना नानांनी खुर्चीवर बसायचं, शिडी धरायलाही जायचं नाही. बीपीची गोळी नाश्त्याआधी. बिबडे आणि लोणचं दोघांनीही बंद, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. जुना मोडेम फेकू नका, मी आले की बघेन.

यंदा कानबाईला येता आलं नाही. रोट माझ्या वाट्याचा ठेवला होतास, आई, हे वहिनीकडून कळलं. पोळ्याला चार दिवस येते, तिकीट काढलं आहे.

गुरुवारी रात्री अकराला लाल फोनवरच फोन करीन. नाना, पहिल्या रिंगला उचला.

तुमची,
ताई

ता. क. आई, ते स्टूल शेजारी देऊन टाक. नवं घेऊ नका.